बॉक्स वाइन आणि मराठी जेवण: कशाबरोबर काय?

यमन_मेलबर्न
शनिवारी आठ माणसं जेवायला आहेत. दोघं पीत नाहीत, सहा जण घेतील. बेत ठरला आहे: कोथिंबीर वडी, रवा लावून तळलेली सुरमई, भरली वांगी, मटणाचा तांबडा रस्सा, भाकरी, मसालेभात, काकडीची कोशिंबीर, सोलकढी आणि शेवटी श्रीखंड. वाइन बाटलीतली न आणता बॉक्समधली, म्हणजे पुठ्ठ्याच्या खोक्यात तोटीच्या पिशवीत भरलेली, आणायची आहे. स्वस्त पडते, उरली तर टिकते, आणि प्रत्येकाला हवी तेवढीच ओतता येते. इथे अशा बॉक्सला कास्क म्हणतात, दोन लिटर आणि चार लिटरचे मिळतात. दोनच घ्यायचे तर कुठले दोन?

'माशाला पांढरी, मटणाला लाल' हे आपल्या जेवणाला लागू पडत नाही असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे मासा की मटण यापेक्षा मसाला कुठला यावर सगळं ठरतं. पटत असेल तर सांगा, पटत नसेल तर का ते सांगा. मोजमापासकट उत्तरं आली तर फार बरं.

घारापुरी
शीर्षकात 'बॉक्स' आहे म्हणून वाचलं. 'खोकी' असतं तर राजकारणाचा धागा समजून पुढे गेलो असतो. आता आलोच आहे तर जेवूनच जातो.

कोकमआगळ
आधी हिशोब. एक ग्लास 150 मिली धरला तर सहा जण, प्रत्येकी तीन ग्लास, म्हणजे 2.7 लिटर. दोन लिटरचे दोन कास्क घेतले की 1.3 लिटर शिल्लक राहते आणि पाहुण्यांना आवडीनिवडीला वाव मिळतो. चार लिटरचा एकच घेऊ नका. पैसे थोडे वाचतात, पण नऊ पदार्थांच्या ताटाला एकच वाइन म्हणजे सगळ्या भाज्यांना एकच फोडणी.

अमेरिकेतल्या वाचकांसाठी: तिकडे 3 लिटरचा बॉक्स म्हणजे 750 मिलीच्या बरोबर चार बाटल्या, 20 ग्लास. 5 लिटरचा म्हणजे पावणेसात बाटल्यांना थोडा कमी.

तुरट_गोड
यमन, मत पटलं. फक्त मसाल्याच्या आत शिरून बघायला हवं, कारण आपल्या एका पदार्थात चार-चार रस असतात आणि प्रत्येक रस वाइनशी वेगळा वागतो.

तिखट: मिरचीतलं कॅप्सेसिन आणि वाइनमधलं अल्कोहोल तोंडातल्या एकाच ग्राहीवर काम करतात, टीआरपीव्ही1 तिचं नाव. एरवी ती ग्राही साधारण 42-43 अंशांना 'भाजतंय' असा निरोप देते. अल्कोहोल तो उंबरा खाली आणतं, मग शरीराच्या तापमानालाच जळजळ जाणवते. म्हणून तांबड्या रश्शावर 14.5 टक्के अल्कोहोलची शिराझ ही लाल वाइन म्हणजे आगीत तेल. तिखटाबरोबर 11-12 टक्क्यांच्या आतली घ्या.

तुरट: लाल वाइनमधलं टॅनिन म्हणजे आपला तुरट रस, कच्च्या सुपारीचा, न पिकलेल्या केळ्याचा. हे तिखटाबरोबर बोचतं, वांग्याच्या कडवटपणाबरोबर जास्तच कडू लागतं. चरबी आणि प्रथिनं मात्र त्याला शांत करतात.

आंबट: पदार्थ वाइनपेक्षा आंबट असला की वाइन पाणचट लागते. त्यामुळे चिंच, कोकम, आगळ जिथे आहे तिथे वाइन स्वतः आंबटसर हवी. एक गंमत बघा, चिंचेतलं मुख्य आम्ल आणि द्राक्षातलं मुख्य आम्ल एकच, टार्टारिक. त्यामुळे चिंचगुळाची आमटी आणि आंबटसर पांढरी वाइन यांचं फार नैसर्गिक जमतं.

गोड: पदार्थात गूळ असेल तर अगदी ड्राय, म्हणजे गोडी नसलेली, वाइन उगाच आंबट आणि रुक्ष लागते. भरल्या वांग्यात गूळ सढळ असेल तर वाइनमध्येही गोडव्याची किंचित झाक हवी.

सुगरण_न्यूजर्सी
+१ तुरट_गोड. वाचनखूण साठवली.

हे तोंडाला कळण्यासाठी पाच मिनिटांचा प्रयोग सांगते. कुठल्याही स्वस्त लाल बॉक्समधून 30 मिली ओता. एक घोट घ्या. मग लिंबाची फोड मिठात बुडवून चाटा. पुन्हा घोट घ्या. तीच वाइन मऊ आणि फळासारखी लागते. आता चिमूटभर साखर जिभेवर विरघळवा आणि तिसरा घोट घ्या. आता ती आंबट आणि कडवट लागेल. म्हणजे मीठ आणि आंबट वाइनला सावरतात, गोड आणि तिखट तिला उघडी पाडतात. ताटात डाव्या बाजूला लिंबू-मीठ वाढायची आपली पद्धत वाइनच्या फार कामाची आहे. सुरमईवर लिंबू पिळलं की स्वस्तातली पांढरीही दोन पायऱ्या वर चढते.

पुरणपोळी_पॅरिस
यमनच्या प्रश्नाला सरळ उत्तर: ड्राय रोझे, म्हणजे गोड नसलेली गुलाबी वाइन. एकच बॉक्स घ्यायचा असता तरी हेच उत्तर दिलं असतं. टॅनिन जवळजवळ नाही, आंबटपणा आहे, थंड प्यायची असते, आणि वडीपासून रश्शापर्यंत कुणाशी भांडण नाही. फ्रान्समध्ये सुपरमार्केटात रोझेचे तीन आणि पाच लिटरचे बॉक्स भिंतभर लावलेले असतात, बोलताना त्याला 'क्यूबी' म्हणतात, आणि घरोघरी उन्हाळाभर फ्रिजमध्ये एक असतोच. तिथे बॉक्स म्हणजे हलका माल असं कुणी मानत नाही.

सुगरण_न्यूजर्सी
रोझेबद्दल एक सावधगिरी. गुलाबी रंगावरून गोडी कळत नाही. अमेरिकेत बॉक्सवर 'ब्लश' किंवा 'व्हाइट झिनफँडेल' लिहिलेलं असेल तर ती गोडसर असते. फ्रँझिया या ब्रँडची सनसेट ब्लश त्यातलीच. 'ड्राय रोझे' लिहिलेली वेगळी. पण व्हाइट झिनफँडेलला नाक मुरडू नका. वडापाव, लसणाची सुकी चटणी, तळलेली मिरची यांच्यासमोर ती गोडसर गुलाबी, खूप थंड केलेली, ड्राय रोझेपेक्षा सरस ठरते.

युरोपात ड्राय म्हणजे सर्वसाधारणपणे लिटरला 4 ग्रॅमपर्यंत साखर. 4 ते 12 म्हणजे किंचित गोडसर, 12 ते 45 म्हणजे स्पष्ट गोडसर. तिखट जेवणाला मधला टप्पा पकडायचा.

उपसाला_उपवास
स्वीडनमध्ये ही निवड फार सोपी आहे. दारूची सरकारी दुकानं, सिस्टेमबोलागेत, प्रत्येक वाइनची साखर ग्रॅममध्ये छापतात आणि चवीची छोटी घड्याळासारखी वर्तुळं दाखवतात. पांढरीला गोडी, भरीवपणा, आंबटपणा. लालला गोडीच्या जागी 'स्त्रेवहेत', म्हणजे अगदी आपला तुरटपणा. लाल घेताना ते वर्तुळ जितकं रिकामं तितकी ती आपल्या जेवणाला बरी. बॉक्स इथे अतिशय रुळलेला आहे. दुकानं शनिवारी दुपारी तीनपर्यंत बंद होतात आणि रविवारी उघडतच नाहीत, त्यामुळे शनिवारच्या पंगतीची खरेदी शुक्रवारीच.

काळा_मसाला
इथे सगळे शिराझवर तुटून पडले आहेत, म्हणून तिची बाजू मांडतो. शिराझमध्ये मिऱ्याचा जो वास येतो तो रोटंडोन या द्रव्याचा आणि खऱ्या काळ्या मिरीतही तेच द्रव्य असतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनीच ते 2008 साली दाखवून दिलं. मग मिरी, दगडफूल, लवंग, भाजलेलं सुकं खोबरं घातलेलं सुकं मटण आणि शिराझ यांचं गोत्र जुळणारच.

मटणाची चरबी टॅनिनला धरते. अट एवढीच की मिरची बेताची हवी आणि पदार्थ रसदार नसून सुका, अंगाबरोबरच्या मसाल्याचा हवा. यमन, रश्शाच्या जागी सुकं केलंत तर लाल बॉक्स खुशाल आणा.

तुरट_गोड
काळा_मसाला, सुक्या मटणापुरतं शंभर टक्के मान्य. पण त्यांचा बेत तांबडा रस्सा आहे. त्यातला कट म्हणजे मिरचीचा अर्क तेलात उतरलेला, आणि कॅप्सेसिन तेलातच विरघळतं, पाण्यात नाही. ते तेल जिभेवर पसरून बसतं आणि वाइन, पाणी काहीच त्याला हलवत नाही. दह्यातलं केसीन हे प्रथिन हलवतं. त्यामुळे काकडीची कोशिंबीर ताटात आहे हे यमनने फार बरोबर केलं आहे. रस्सा, मग कोशिंबिरीचा घास, मग वाइन, या क्रमाने ड्राय रोझेही तगते.

काळा_मसाला
मान्य. तरी लालच हवी म्हणणारे पाहुणे असतात. त्यांच्यासाठी ग्रेनाश किंवा हलकी मर्लो, कॅबरनेट नको. आणि ती खोलीच्या तापमानाला देऊ नका. मेलबर्नचा उन्हाळा असेल तर 'खोलीचं तापमान' 28 असतं आणि अल्कोहोल नाकात घुसतं. जगमध्ये अर्धा लिटर काढून आधी फ्रिजमध्ये ठेवा, 15-16 अंशांवर वाढा.

मालवणी_काटा
सुरमईकडे कुणी बघायला तयार नाही! लाल वाइन आणि मासा का बिघडतो ते आधी. वाइनमध्ये लोहाचा अंश असतो, लालमध्ये बहुधा जास्त. तो माशाच्या तेलाशी मिळाला की तोंडात धातूसारखी, वशट चव उरते. बांगडा, तारली असे तेलकट मासे असतील तर फारच. सुरमई त्यामानाने सौम्य, पण नियम तोच.

रवा-तांदळाच्या पिठाचं आवरण, आत आगळ-हळद-तिखट. त्याला ओकच्या लाकडाचा वास नसलेली, चुरचुरीत आंबट पांढरी: सोव्हिन्यॉन ब्लाँ, पिनो ग्रिजो, कोलंबार. तळणीच्या तेलाला आंबटपणा कापतो. आणि सोव्हिन्यॉनमध्ये ढोबळ्या मिरचीसारखा जो हिरवा वास असतो, तो कोथिंबीर वडीला चपखल बसतो. म्हणजे पहिल्या दोन्ही पदार्थांना एकच बॉक्स पुरतो.

जाता जाता, मेलबर्नच्या बाजारात सुरमई 'स्पॅनिश मॅकरल' नावाने मागा. 'किंगफिश' मागितलात तर वेगळाच मासा मिळतो. तो कच्चा खायला छान, पण आपल्या रव्याच्या तळणीला सुरमईसारखा नाही.

यमन_मेलबर्न
किंगफिशचं फार वेळेवर सांगितलंत, यादीत तेच लिहिलं होतं. बदललं.

पण आता प्रश्न अवघड झाला. रोझे नक्की. दुसरा बॉक्स सोव्हिन्यॉन की काहीतरी गोडसर?

रेनमार्क_रोड
ऑस्ट्रेलियात राहून फ्रूटी लेक्सियाचं नाव अजून कुणी घेतलं नाही! कास्क वाइनमधली इथली जुनी ओळखीची पांढरी. मस्कत ऑफ अलेक्झांड्रिया या द्राक्षाची, त्याला इथले लोक गॉर्डो म्हणतात, आणि 'अलेक्झांड्रिया'चं शेपूट तेवढं उरून 'लेक्सिया' झालं. वास ताज्या द्राक्षाचा, थोडा गुलाबाचा, चव गोडसर. लोक तिला स्वस्त म्हणून खाली ठेवतात, पण तांबडा रस्सा आणि मसालेभात यांच्यासमोर या धाग्यात आलेल्या सगळ्या नावांपेक्षा ती जास्त कामाची आहे. कारण तीनच: गोडी, कमी अल्कोहोल, आणि वेलची-लवंगेला साथ देणारा वास.

दोन गोष्टी सांभाळा. अल्कोहोल लेबलवर बघून 11 टक्क्यांच्या आतली निवडा. आणि ती 6-7 अंशांवरच द्या. 12 अंशांवर गेली की सरबत वाटते. हवी तर अर्धा ग्लास वाइन, पाव ग्लास सोडा, लिंबाची चकती. वडीबरोबर स्वागताला हे उत्तम, आणि अल्कोहोलही कमी होतं.

अवांतर: वाइनच्या कास्कचा शोध आमच्याकडचाच. रेनमार्कच्या थॉमस अँगोव्ह यांनी 1965 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. तेव्हा तोटी नव्हती. पिशवीचा कोपरा कापायचा, ओतायची आणि चिमट्याने बंद करायची. मूळची पिशवी-खोक्याची कल्पना त्याच्या दहा वर्षं आधीची, अमेरिकेतल्या विल्यम शोल यांची, तीही बॅटरीच्या आम्लासाठी. तोटी 1967 च्या सुमारास आली आणि मग घरोघरी फ्रिजमध्ये कास्क शिरला.

घारापुरी
बॅटरीच्या आम्लापासून कोथिंबीर वडीपर्यंत. पिशवीने बरीच मजल मारली!

पुरणपोळी_पॅरिस
लेक्सियाला माझा विरोध आहे. गोडसर वाइन पहिल्या दोन घासांना छान वाटते, पण अख्ख्या जेवणभर चालत नाही. तिसऱ्या ग्लासाला तोंड चिकट होतं. भरल्या वांग्यात गूळ, मसालेभातावर खोबरं, त्यात वाइनही गोड. एवढी गोडी कशाला?

रेनमार्क_रोड
म्हणूनच दोन बॉक्स. रोझे जेवणभर, लेक्सिया रश्शाच्या वेळी. आणि प्रत्येक ग्लास 150 चाच भरायला हवा असं कुठे आहे? बॉक्सचा खरा फायदाच हा. बाटली उघडली की ती संपवायची घाई असते. तोटीतून 60 मिली काढा, रश्शाबरोबर चाखा, आवडली तर पुढे घ्या. प्रत्येकाला दोन छोटे ग्लास द्या, एकात रोझे, एकात लेक्सिया, आणि ज्याचं त्याला ठरवू द्या.

पुरणपोळी_पॅरिस
60 मिलीची कल्पना पटली. विरोध मागे.

वांग्याचा_देठ
भरल्या वांग्यांवर थोडं. दाणे-तीळ-खोबऱ्याचा कूट म्हणजे तेल आणि भाजलेला वास. इथे काहीजण ओकच्या पिंपात ठेवलेली शार्डोने ही पांढरी वाइन सुचवतात, कारण ओकमधल्या लॅक्टोनला खोबऱ्यासारखा वास असतो. तर्क बरोबर आहे. पण स्वस्त बॉक्समधल्या शार्डोनेत हा वास बहुतेकदा ओकच्या चिपांमधून आलेला असतो आणि कडवट शेपूट सोडतो. वांग्याला कडवटपणाची भर नको. रोझेच ठीक. वांगी चिरून मिठाच्या पाण्यात 15 मिनिटं ठेवा आणि चिंचेचा कोळ नेहमीपेक्षा चमचाभर जास्त घाला, वाइनशी सूत लवकर जुळतं.

शुद्ध_शाकाहारी_सिडनी
माहितीसाठी विचारते. पाहुण्यांत शाकाहारी असतील तर वाइन शाकाहारी धरायची का?

तुरट_गोड
सगळ्या नाही धरता येत. वाइन नितळ करायला काही ठिकाणी माशाच्या वायुपिशवीपासून केलेलं आयसिंग्लास, जिलेटिन, अंड्याचा पांढरा बलक किंवा दुधातलं केसीन वापरतात. ते नंतर गाळून निघतं, पण वापर झालेला असतो. दुसरीकडे बेंटोनाइट वापरतात, ती माती आहे. अंडं-दूध याचा उल्लेख ॲलर्जीसाठी लेबलवर सापडू शकतो, पण माशाचा किंवा जिलेटिनचा सापडेलच असं नाही. म्हणून बॉक्सवर 'व्हीगन' स्पष्ट लिहिलेलं असेल तोच घ्या आणि पाहुण्यांना तो वेगळा दाखवा.

शुद्ध_शाकाहारी_सिडनी
धन्यवाद. हे पंगतीआधी सांगायला हवं, वाढल्यावर नाही.

पत्र्याची_पेटी
सगळे चवीत रमले आहेत. बॉक्स हाताळण्यात जे बिघडतं ते लिहितो, कारण अर्ध्या तक्रारी वाइनच्या नसून इथल्या असतात.

तारीख आधी बघा. पिशवी प्लास्टिकच्या थरांची असते, काचेसारखी पूर्ण हवाबंद नाही. प्राणवायू हळूहळू आत झिरपतो, तोटीतूनही झिरपतो. म्हणून न उघडलेला बॉक्सही वर्षानुवर्षं ठेवायचा नसतो. भरल्यापासून सहा-नऊ महिन्यांच्या आत संपवायचा. तळाशी किंवा बाजूला 'बेस्ट बिफोर' असते. दुकानात पुढे धूळ बसलेला सवलतीचा बॉक्स असेल तर सवलत का आहे ते त्या तारखेत लिहिलेलं असतं. पेलाभर ओतून बघा: पांढरी सोनेरी-तपकिरी झाली असेल, कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास येत असेल, तर ती गेली.

तोटी बाहेर काढताना पुठ्ठ्याची टिकली आत ढकलू नका, बाहेरच्या बाजूला फाडा. हात आत घालून तोटीच्या मागची कडा धरा, बाहेर ओढा, आणि पुठ्ठ्याची जीभ तोटीच्या मानेतल्या खाचेत घट्ट बसवा. ती नीट बसली नाही तर दाबताना तोटी आत जाते आणि वाइन पुठ्ठ्यात सांडते. पहिला चमचाभर टाकून द्या. चार-पाच दिवस न वापरलेल्या बॉक्समधूनही पहिला चमचा टाकायचा, कारण तोटीत अडकलेल्या घोटाला हवा लागलेली असते. अख्खा बॉक्स खराब झाला असं लोकांना इथेच वाटतं.

उघडल्यावर फ्रिजमध्ये चार ते सहा आठवडे. लाल बॉक्सही फ्रिजमध्येच, फक्त वाढण्याआधी बाहेर काढा.

थंड करायला वेळ लागतो हे कुणी धरत नाही. पुठ्ठा उष्णता अडवतो. दोन लिटरचा बॉक्स संध्याकाळी पाचला फ्रिजमध्ये टाकून सातला थंड होत नाही, आदल्या रात्री ठेवा. विसरलात तर पिशवी पुठ्ठ्यातून काढा आणि बादलीत बर्फ-पाण्यात बुडवा, पाऊण तासात पिण्याजोगी. फ्रीजरमध्ये नको, पिशवी गोठून शिवणीला ताण येतो.

शेवटचा पाव लिटर तोटीतून येत नाही, तेव्हा पिशवी बाहेर काढून तोटी खाली धरा आणि वरून हलकं दाबत आणा, पिळू नका.

सुगरण_न्यूजर्सी
पत्र्याची_पेटी यांना दंडवत. चमचाभर टाकायचं हे फार कमी लोकांना माहीत असतं.

पितळी_भांडं
सोलकढीचं काय? नारळाचं दूध, कोकम, लसूण, हिरवी मिरची. हिच्याबरोबर कुठली?

मालवणी_काटा
कुठलीच नाही. सोलकढी स्वतःच पेय आहे. तिचं काम तळणीनंतर आणि रश्शानंतर पोट शांत करायचं. कोकमाचा आंबटपणा जिभेवर असताना कुठलीही वाइन पाणी वाटते आणि लसूण वाइनचा वास खाऊन टाकतो. वाइनचे ग्लास उचला, मग सोलकढी वाढा.

पितळी_भांडं
मग श्रीखंडाला?

मालवणी_काटा
श्रीखंड सोलकढीच्या आधी की नंतर हा वेगळा धागा होईल, पण वाइनचं सांगतो. गोड पदार्थापेक्षा वाइन जास्त गोड हवी, नाहीतर आंबट लागते. श्रीखंडात साखर एवढी असते की कुठल्याही बॉक्समधली गोड मस्कातोही त्याच्यापुढे फिकी पडते. इथे बॉक्स सोडा. ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथच्या बाजूची, बोट्रायटिस बुरशी लागलेल्या द्राक्षांची गोड सेमिऑन घ्या, डी बोर्तोलीची नोबल वन प्रसिद्ध आहे. जर्दाळू आणि मधाची चव, केशराशी उत्तम जमते. 375 मिलीची छोटी बाटली, सहा जणांना प्रत्येकी 60 मिली म्हणजे 360. बरोबर पुरते.

नाशिकरोडचा_घाट
महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी. इथे बॉक्स नसला तरी नियम तेच. नाशिकची शेनिन ब्लाँ ही पांढरी किंचित गोडसर असते, ती मिसळ, तिखट आमटी, झुणका यांना चालते. ड्राय सोव्हिन्यॉन पापलेट-सुरमईला. बॉक्ससारखा टिकाऊपणा हवा असेल तर बाटली उघडल्या उघडल्या अर्धी वाइन 375 मिलीच्या स्वच्छ बाटलीत गळ्यापर्यंत भरून बूच लावा आणि फ्रिजमध्ये ठेवा. वर हवाच न उरल्याने सात-आठ दिवस जाते. तळाशी थोडी उरवून मोठी बाटली तशीच ठेवली की तिसऱ्या दिवशी उतरते.

कोकमआगळ
एक जबाबदारीची गोष्ट. बॉक्समध्ये पातळी दिसत नाही, त्यामुळे किती झाली ते कळत नाही. 12 टक्क्यांच्या चार लिटरच्या कास्कमध्ये ऑस्ट्रेलियाच्या मापाने सुमारे 38 स्टँडर्ड ड्रिंक असतात, म्हणजे साधारण 100 मिलीला एक. 150 मिलीचा ग्लास म्हणजे एक नव्हे, जवळपास दीड. यमन, तोटीखाली मापाचा पेला ठेवा, आणि जे गाडी चालवणार त्यांना सुरुवातीलाच विचारून घ्या.

यमन_मेलबर्न
सगळ्यांचे मनापासून आभार. आता असं ठरवते: दोन लिटर ड्राय रोझे, दोन लिटर फ्रूटी लेक्सिया, दोन्ही शुक्रवारी रात्री फ्रिजमध्ये. सुरुवातीला वडी आणि सुरमई रोझेबरोबर, ताटात लिंबू-मीठ. वांग्यांना रोझेच, चिंच चमचाभर जास्त. रश्शाच्या वेळी प्रत्येकाला 60 मिली लेक्सिया, कोशिंबीर शेजारी. मग ग्लास उचलून सोलकढी. श्रीखंडाला सेमिऑनची छोटी बाटली. लाल हवी म्हणणाऱ्यांसाठी ग्रेनाशची एक बाटली, फ्रिजमध्ये जरा थंड केलेली.

काही चुकतंय का?

काळा_मसाला
एकच. मसालेभात. त्यावर तूप सोडणारच, मग तिथे ग्रेनाश पुढे करा. लवंग, दालचिनी, तूप, काजू. पाहुणे त्या बाटलीकडे आपसूक वळतील. तेवढं तरी शिराझच्या चुलत भावाला द्या.

यमन_मेलबर्न
दिलं. आणि 1.3 लिटर उरेल त्याचं?

बार्देशकार
रोझे पिऊन संपेल. पण लेक्सिया उरली किंवा ग्रेनाशचा अर्धा उरला तर व्हिनेगर करा, गोव्याच्या स्वयंपाकात त्याला फार मान आहे. विंदालूचं मूळच पोर्तुगिजांच्या 'विन्या द आल्योश'मध्ये, म्हणजे वाइन आणि लसणीत मुरवलेलं मांस. आमच्याकडे वाइनच्या जागी माडाच्या सुरेचं व्हिनेगर आलं.

कृती: 500 मिली लाल वाइन, 250 मिली उकळून गार केलेलं पाणी, 150 मिली न गाळलेलं, न उकळलेलं जिवंत व्हिनेगर. पाणी घालायचं कारण 12 टक्के अल्कोहोलमध्ये जिवाणूंना त्रास होतो, 7-8 वर ते जोमाने वाढतात. वाइन आधी रुंद भांड्यात दिवसभर उघडी ठेवून अधूनमधून ढवळा, सल्फाइट थोडं उडून जातं. बॉक्समधल्या वाइनमध्ये ते बहुधा बाटलीपेक्षा जरा जास्त असतं, म्हणून ही पायरी चुकवू नका. मग काचेच्या रुंद तोंडाच्या बरणीत दोन-तृतीयांश भरा, वर सुती फडकं बांधा, झाकण नको, हवा लागते. 25 अंशांच्या आसपास अंधाऱ्या कपाटात सहा ते आठ आठवडे. वर पातळ साय धरेल, ती मोडू नका. रंगीत, केसाळ बुरशी आली तर मात्र सगळं फेकून द्या.

लेक्सियाची गोडी उरते, त्यामुळे तिचं वेगळ्या बरणीत करा आणि ते कोशिंबिरीला वापरा. विंदालूला लालचंच. एक किलो डुकराच्या किंवा मटणाच्या तुकड्यांना 120 मिली, रात्रभर.